अंडरपासचा नवरदेव

भर रस्त्यात खुर्ची टाकून बसणारा सरकारी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. खुर्चीही साधी नव्हे. लाल मखमलीची, सोनेरी हातांची, पाठीवर कोरलेला मोर. जवळच्या फंक्शन हॉलने पायाला तडा गेला म्हणून टाकून दिलेली, नवरदेवाची. ह्या माणसाने तो पाय पाइपच्या तुकड्याने सांधला आणि खुर्ची अंडरपासशेजारच्या पंपहाऊसमध्ये आणून ठेवली. पाऊस वाढला की ती बाहेर निघायची, अंडरपासच्या उतारावर रस्त्याच्या बरोबर मधोमध मांडली जायची, आणि हे काळी छत्री उघडून तिच्यावर बसायचे. झाला रस्ता बंद.

"बॅरिकेड लावा ना," नवा असताना मी म्हटलं होतं.

"बॅरिकेड सरकवतेत, साहेब. बुड्ढ्याला सरकवत नाहीत."

हे खरं होतं. लोक हॉर्न द्यायचे, शिव्या द्यायचे, खिडकीतून हात बाहेर काढून आकाशाला साक्षी ठेवायचे, पण खुर्चीला कुणी गाडी लावली नाही. मोटारसायकलवाले ओरडायचे, "क्या दूल्हे मियाँ, बारात किधर है?" हे मागे तुंबत चाललेल्या पाण्याकडे अंगठा दाखवायचे. "आ रई. तुम पीछू हटो." एकदा एका बाईने गाडीतून उतरून त्यांच्या नाकासमोर फोन धरला, "अंकल, मॅप में रोड क्लिअर बता रहा." हे म्हणाले, "उसमें जो बाई बात करती ना, उसको बोलो खुद आके देख लेना. मैं कुर्सी देतूं उसको." बाईंना हसू आलं. त्यांनी गाडी वळवली.

ह्या माणसाचं नाव ज्या वस्तीत आदराने घेतलं जायचं, तिथे ते पुढे थुंकून घेतलं जाऊ लागलं. ते माझ्यामुळे. सहा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पण आधी माणूस सांगतो. नाहीतर माझीच गोष्ट व्हायची.

ते वर्क इन्स्पेक्टर, मी असिस्टंट इंजिनिअर. वयाने ते वीस-बावीस वर्षांनी मोठे, हुद्द्याने मी वर. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "आपल्याकडचे का?" आमचं घराणं मूळचं मराठवाड्यातलं, शेतकरी, आजोबांच्या वेळी इथे निजामाच्या शहरात आलेलं. ते नांदेडकडचे, बौद्ध, वडील हमालीला इकडे आले होते. तेव्हापासून माझ्याशी ते मराठीतच बोलत. 'पाणी यायलंय, साहेब', 'काय बघायलात, साहेब', आणि मध्येच दख्खनीतलं 'हौ' नि 'नक्को'. बाकी सगळे त्यांना इन्स्पेक्टरसाब म्हणायचे. मी काहीच म्हणायचो नाही. 'अहो' वर भागवायचो.

पंपहाऊसच्या जाळीत जे जे अडकायचं, ते ते काढून धुऊन ठेवण्याचा त्यांना नाद होता. उशा, हेल्मेटं, प्लास्टिकच्या फुलांचे हार, एक हार्मोनियम, एक भिंतीवरचं घड्याळ, तेही चालू. चपला तर कुंपणाच्या तारेला ओळीने टांगलेल्या. ज्याची असेल त्याने न्यावी. पण जोडी कधी जुळायची नाही. मी हसलो तर म्हणाले, "पाण्यात दोन्ही चपला कुणी एकदम हरवत नाही, साहेब. एक गेली की माणूस दुसरी सांभाळतो. म्हणून ती एकटी इथं लटकलीय. दुसरी कुणाच्या तरी घरी आहे, खात्रीनं." आणि खरोखर, कधीमधी एखादा माणूस लाजत यायचा, हातात एक चप्पल घेऊन. त्या दिवशी ह्यांचा चेहरा पाहावा. घरात मुलगा झाल्यासारखा.

बुद्धपौर्णिमेला ते घरून खीर आणायचे. पंपहाऊसमध्ये सगळ्यांना वाटीवाटीने, ट्रॅफिकच्या शिपायांनासुद्धा. पहिल्या वर्षी माझा वाटा त्यांनी वेगळा डब्यात बांधून दिला. मी तो गाडीत ठेवला आणि घरी न नेता वाटेत सिग्नलवर कुणाला तरी देऊन टाकला. आमच्या आईला चाललं नसतं, असं मी स्वतःला सांगितलं. आईला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "गोड झाली होती का?" मी म्हणालो, "फार छान." दुसऱ्या वर्षापासून मी तिथेच उभा राहून खाल्ली, आणि ती खरोखर छान होती. पण पहिल्या वर्षीचं खोटं किती सहज आलं होतं, ते मला आता आठवतं.

आता अंडरपासबद्दल थोडं सांगायला हवं. वर रेल्वेचे रूळ, खाली रस्ता. त्याच भरावाखालून, रस्त्याला समांतर, नाला जातो. रस्त्यावर साचलेलं पाणी तीन पंप उचलतात आणि भरावापलीकडे त्याच नाल्यात सोडतात. पलीकडे नाल्याकाठी वस्ती आहे. गवंडी, शिंपी, घरकामाला जाणाऱ्या बाया, दोन-चार घरं मराठवाड्याचीही. नाल्यात जागा असेल तोवर सगळं ठीक चालतं. नाला काठोकाठ झाला की पंपांनी उपसलेलं पाणी त्यात मावत नाही, ते वस्तीत शिरतं. अशा वेळी दोनातलं एकच होऊ शकतं. रस्ता कोरडा राहील, नाहीतर घरं.

खात्याच्या कागदावर एवढंच होतं की अंडरपास वाहतुकीला खुला ठेवावा. ह्यांनी स्वतःचा कायदा केला होता. नाल्याच्या दगडी भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटची एक जाड रेघ ओढली होती. रेघ दिसते तोवर पंप चालू. रेघ बुडाली की पंप बंद, खुर्ची बाहेर. मग अंडरपास मुद्दाम भरू द्यायचे. पाणी दीड-दोन पुरुष चढायचं, हे खुशाल बघत बसायचे.

"भरू द्या. पाण्याला कुठंतरी बसायला पायजे का नको? गाडी वळसा मारून जाते, साहेब. घर कुठून वळसा मारील?"

वस्तीवाल्यांना हे ठाऊक होतं. ते नाल्याकाठून चालत निघाले की दर दोन घरांमागे चहा. यादम्मा नावाची एक शिंपीण होती, लग्नाच्या ब्लाउजांचं काम करायची, तिखट जिभेची. ती गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, चटणीची बाटली त्यांच्या सायकलच्या पिशवीत कोंबायची आणि वर दम द्यायची, "बाटली वापस लाना, इन्स्पेक्टरसाब. पिछले की दो बाकी हैं." हे मला म्हणायचे, "बघा, एवढ्या मोठ्या शहरात माझ्यावर आवाज चढवणारी एकच बाई आहे, आणि ती घरची पण नाही."

तो दिवस. दुपारी तीनपासून धो धो चाललं होतं. चारला रेघ बुडाली, पंप बंद झाले, खुर्ची बाहेर आली. पाचनंतर पाऊस जरा ओसरला आणि ऑफिसं सुटली. गाड्यांची रांग पार काचीगुड्याकडे गेली होती म्हणे. माझ्या वरिष्ठांचा फोनवर फोन. "रास्ता खुलवाओ. रांगेत ॲम्ब्युलन्स आहे. तुझा तो म्हातारा काय जहागीरदार आहे का?" ॲम्ब्युलन्स खरी होती की नाही, मला आजही माहीत नाही. मी जाऊन पोचलो तेव्हा ते खुर्चीवर थंडीने कुडकुडत होते. कुणीतरी त्यांच्यावर पाण्याची बाटली फेकली होती. कपाळावर टेंगूळ होतं.

मी म्हणालो, "पाऊस थांबत आलाय. आता पंप चालू करू या."

"रेघ दिसली की लगेच करतो. पंपावरचा माझा जोडीदार तिकडं रांगेत अडकलाय, त्याचा फोन लागत नाही. मी उठलो तर हे लोक घुसतील. तुम्ही बघून या, साहेब. मागच्या बाजूनं पन्नास पावलं आहेत."

मी निघालो. पंपहाऊसच्या मागे वळलो आणि थांबलो. पुढे काळा चिखल होता, पोटरीभर. त्या वर्षी नाल्यावर पाण्याची उंची मोजणारं नवं यंत्र बसवलं होतं, त्याचा आकडा फोनवर दिसायचा. मी आडोशाला उभा राहून फोन काढला. आकडा सुरक्षित होता, रेघेच्या दोन हात खाली. तेवढ्यात वरिष्ठांचा पुन्हा फोन आला. मी परत फिरलो.

"बघितली?" त्यांनी विचारलं.

"बघितली, काका. दोन हात खाली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग छत्री मिटली, आत जाऊन तिन्ही पंप चालू केले आणि पाणी उतरेपर्यंत पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. पाऊण तासात खुर्ची कडेला गेली, रस्ता उघडला. लोकांनी हॉर्न वाजवले, ह्या वेळी आनंदाने. एकाने जाताजाता त्यांना सलाम केला.

यंत्राच्या तोंडाशी गोणपाट गुंडाळलं गेलं होतं. आकडा दुपारपासून जिथल्या तिथे अडकला होता, हे नंतर कळलं. पलीकडे त्या पाऊण तासात वस्ती कमरेपर्यंत बुडाली. माणसं वाचली. यादम्माच्या सासूला दार उखडून त्यावर घालून बाहेर काढलं. शिलाई मशिनी गेल्या, धान्य गेलं, गाद्या, पोरांची दहावी-बारावीची सर्टिफिकेटं. लग्नसराईचे शिवून ठेवलेले ब्लाउज नाल्याच्या कठड्याला लटकले होते, सोनेरी किनारीचे. सकाळी ते ह्यांनी स्वतः एकेक काढून पिळले. मी बघत होतो.

चौकशी झाली. एसीच्या खोलीत, चहाबिस्किटं ठेवून. विचारलं, पंप कुणाच्या सांगण्यावरून चालू केले? मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. मला एकच वाक्य बोलायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बघत म्हणाले, "पंप माझे आहेत. मी चालू केले." चौकशी करणाऱ्या साहेबांनी लिहून घेतलं. मी बिस्किट खाल्लं. खरंच खाल्लं, चव आठवते.

त्यांना सिकंदराबादच्या स्टोअरमध्ये टाकलं, नोकरीचे शेवटचे आठ महिने. अंडरपासला पाणी चढलं की आपोआप आडवा पडणारा दांडा बसला. खुर्ची भंगारात गेली. आणि वस्तीत एक गोष्ट पक्की झाली. इन्स्पेक्टरसाबने मोटारवाल्यांसाठी आम्हाला बुडवलं. इतकी वर्षं चहा पिऊन, शेवटी मोटारवाल्यांचा निघाला. ते एकदा तिकडे गेले होते, सांत्वनाला. यादम्माने दार लावून घेतलं. दोन गल्ल्या पार करेपर्यंत कुणी ओळख दाखवली नाही. हे मला त्यांच्या जोडीदाराने सांगितलं. मी 'अरेरे' म्हणालो. त्याच वर्षी मला बढती मिळाली.

गेल्या पावसाळ्यात मलकपेठच्या बाजारात मला ते दिसले. गटाराच्या जाळीवर वाकून छत्रीच्या मुठीने प्लास्टिकच्या पिशव्या उपसत होते आणि शेजारच्या फळवाल्यावर करवादत होते, "अरे मियाँ, तेरी दुकान डुबिंगी तो पहले केले तैरेंगे, कैकू हँसरा?" मला पाहून पिशव्यांसकट हात जोडले. "साहेब! चला, घर इथंच आहे. पोरगी चहा करील."

दुसऱ्या मजल्यावर मुलीच्या घरात राहत होते. चहा झाला. मुलगी आत गेली. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. मी रेघ बघितली नव्हती.

त्यांनी बिस्किटाचा पुडा दुमडून बंद केला. मग म्हणाले, "मला माहीत होतं, साहेब."

"कसं?"

"तुमची पँट स्वच्छ होती. त्या वाटेनं जाऊन आलेल्या माणसाची पँट तशी राहत नाही."

"मग पंप का चालू केलेत?"

"तेच सहा वर्षं विचारायलोय स्वतःला." ते खिडकीकडे बघत होते. "बसून बसून थकलो होतो. दोन तास शिव्या खाल्ल्या होत्या, कपाळ ठणकायलं होतं. आणि तुम्ही पहिल्यांदा काका म्हणालात. मनाला वाटलं, एक दिवस दुसऱ्या कुणाचं ऐकून बघू. म्हणून चौकशीत मी खोटं बोललो नाही. तुमचं पांघरूण-बिंघरूण काही नाही. बटण मीच दाबलं, चिखल दिसत नसताना."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा माफ करतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. अर्धा वाटा स्वतःकडे ठेवला आणि माझा अर्धा माझ्यासमोर राहू दिला.

उठताना मी विचारलं, "वस्तीत कधी जाता का?"

"कोणत्या तोंडानं?" एवढंच म्हणाले. मग हसून, "दोन बाटल्या अजून माझ्याकडं आहेत तिच्या."

पुढच्या रविवारी सकाळी मी वस्तीत गेलो. यादम्मा दारात मशीनवर बसली होती, नवं मशीन, केस पिकलेले. मी कोण ते सांगितलं आणि झालं ते सगळं सांगितलं. माझं खोटं, त्यांचं ऐकणं, चौकशीतलं माझं बिस्किट. तिने पायडल थांबवलं नाही. माझं संपल्यावर दोरा तोडला.

"इत्ते साल कैकू चुप बैठे?"

"डर के."

"किसके डर से?"

ती उठली, पदर खोचला. "मेरेकु अकेली को नक्को बोलो. गल्ली में बोलो. हर दरवाजे पे बोलो, जैसा मेरेकु बोले वैसाच. मैं खड़ी रहतूं."

आणि ती खरोखर मागे उभी राहिली, हात कमरेवर ठेवून. मी पहिल्या दारावर बोललो. दुसऱ्यावर. तिसऱ्या दारात एका म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि मला बसायला स्टूल दिलं, ते मला सगळ्यात कठीण गेलं. एका तरुण माणसाने माझा शर्ट धरला. यादम्माने तेलुगूत काहीतरी म्हटलं, त्याने सोडला. त्याची बारावीची सर्टिफिकेटं गेली होती. कुठे शब्द गिळायला लागलो की मागून आवाज यायचा, "बिस्कुट का भी बोलो." शेवटचं दार उघडलंच नाही. आत माणसं होती, पंखा चालू होता. मी दारालाच सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, पहिल्यापासून. मग यादम्माने त्यांचा मलकपेठचा पत्ता विचारून घेतला आणि म्हणाली, "अब जाओ."

आठ दिवसांनी, पुढच्या रविवारी, त्यांचा फोन आला. मागे प्रचंड गोंधळ होता. तेलुगू, दख्खनी, मराठी, भांडी, कुणीतरी साखर कुठाय म्हणून विचारत होतं, आणि एक बाई मोठ्याने त्यांना फटकारत होती.

"तुम्ही काय केलंत, साहेब? सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नाही. जावई गॅलरीत जाऊन उभा राहिलाय." तक्रारीचा सूर त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. "या तुम्ही पण. या ना."

मी शर्ट घातला, निघालो, मलकपेठला त्यांच्या इमारतीखाली पोचलो. जिन्यात चपलांचा ढीग होता. वरून हसणं ऐकू येत होतं. मधूनच त्यांचा आवाज, सगळ्यांच्या वर, मग पुन्हा हसणं. मी दोन पायऱ्या चढलो आणि थांबलो. मला पाहून ते हसणं क्षणभर का होईना थांबलं असतं. खाली उतरलो, कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक चहा घेतला आणि खिडकी दिसेल अशा जागी बसून राहिलो, त्यांची पाहुणी माणसं एकेक करून बाहेर पडेपर्यंत.